बाल्कनीतून न पाहिलेलं बुद्धिबळ

मागच्या एप्रिलमधल्या बहुतेक संध्याकाळी मी आमच्या बाल्कनीत उभी राहून काढल्या.

घरात जागा नव्हती असं नाही. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला चांगला ऐसपैस हॉल आहे, हॉलमध्ये एसी आहे आणि निम्मा फ्लॅट कागदोपत्री माझ्या नावावर आहे. (एसीचा रिमोट सासूबाईंच्या नावावर आहे, पण तो वेगळा विषय.) तरीही मी बाहेर होते, कारण कुठल्यातरी लांबच्या देशात आपला एक मुलगा बुद्धिबळ खेळत होता.

माझ्या सासूबाई मूळच्या सांगलीच्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना मुळाक्षरांच्या आधी पट शिकवला. लग्न होऊन त्या दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली लाकडी सोंगट्या होत्या. पुढे कित्येक हिवाळे त्यांनी आसपासच्या अंडर सेक्रेटरींना उन्हात खाटेवर बसवून ओळीने हरवलं. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. बाई अशा की सत्यनारायणाच्या पोथीत नौका बुडाली की नौकेचा विमा होता का, असं गुरुजींना विचारतात. त्यामुळे पुढे जे झालं, ते त्यांच्या घरात होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून नियम समजावले. स्पर्धा दोन वर्षांतून एकदाच, जगभरातून आठच जण निवडलेले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. जो पहिला येईल, तो जगज्जेत्याला आव्हान देणार. मी विचारलं, आणि दुसरा येईल तो? त्या म्हणाल्या, तो घरी जाणार. मग मी विचारलं, निदान काही उत्तेजनार्थ? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मुलगी अन्वी हळूच म्हणाली, "आई, हे स्कूलचं ॲन्युअल फंक्शन नाहीये यार."

डाव आपल्याकडच्या दुपारी सुरू व्हायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचे. मी मंत्रालयातून मेट्रोने घरी पोचायचे तेव्हा खेळ ऐन रंगात असायचा. पहिले काही दिवस मी हातपाय धुऊन सासूबाईंच्या शेजारी सोफ्यावर बसले. घरातली माणसं एखाद्या गोष्टीत एवढी बुडालेली असताना आपणही रस घ्यावा, असं माझं मत आहे. मी रस घेतला. आपला कोणता, हे विचारलं. तो मधेच उठून कुठे जातो, हे विचारलं. समोरचा इतका वेळ कपाळाला हात लावून बसलाय तर त्याची शुगर कमी झाली असेल का, तिथे खायला काय देतात, आई बरोबर आली आहे का, हेही विचारलं. टीव्हीच्या पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते. ज्याचं बरं चाललंय त्याचा रंग वाढतो, एवढं मला कळलं होतं. तेव्हा ती हलली की मी सगळ्यांना सांगायचेही. कोणाचं लक्ष नसलं तर?

आपला मुलगा एक डाव हरला, बाकीचे बरोबरीत सुटले. घरात सुतक पसरलं.

मग एका संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले होते, आणि आतून माझ्या नवऱ्याचा, सुधीरचा आवाज आला. आपला मुलगा जिंकला होता. दुसऱ्या दिवशी मी सोफ्यावर होते, तो कसाबसा वाचला. तिसऱ्या दिवशी मी बाल्कनीत मनीप्लांटची माती बदलत होते, तो पुन्हा जिंकला. सुधीर गुरुग्रामच्या एका कंपनीत डेटा बघतो. दिवसभर आकडे पाहणाऱ्या माणसाला आकृतिबंध सापडायला वेळ लागत नाही. तो जेवताना गंभीरपणे म्हणाला, की प्रज्ञा बाहेर असते तेव्हा आपण जिंकतो.

मी हसून सासूबाईंकडे पाहिलं. नौकेचा विमा विचारणाऱ्या बाई आता मुलाला झापतील, या खात्रीने. सासूबाईंनी वरणाचा घास संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, करून बघायला हरकत नाही.

तेव्हापासून माझा मुक्काम हलला. ऑफिसातून यावं, बेल वाजवावी, सासूबाईंनी दार उघडावं आणि पाण्याऐवजी "घोडा अडकलाय त्याचा, लवकर बाहेर जा," असं ऐकावं. मी चपला हातात घेऊन हॉलमधून थेट बाल्कनीत. मागे दाराला आतून कडी, कारण एसीची हवा जाते. पडदाही ओढलेला, कारण काचेतून बघणं हे आत असण्यासारखंच आहे, असा सुधीरचा पोटनियम. चहा खिडकीच्या गजांतून यायचा. डाव लांबला तर जेवणही गजांतून. अन्वी ताट देताना "चलो, थोडाच वेळ राहिलाय," असं म्हणायची, तुरुंगात भेटीला आल्यासारखी.

दिल्लीचा एप्रिल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, संध्याकाळीही भिंतीला हात लावला तर भाजतो. मी सुधीरला शंभरदा म्हटलं की मी बेडरूममध्ये बसते, बाथरूममध्ये बसते, कुठेही बसते. तो म्हणाला, सँपल बदललं की निष्कर्ष बदलतो. सासूबाईंकडे दाद मागितली तर त्या पटावरून नजर न काढता म्हणाल्या, बाल्कनीच बरी. आणि वैताग असा की आपला मुलगा खरोखर वर चढत चालला होता. हरला असता तर मी सुटले असते. पण तसं मनात आणलं तरी मलाच लाज वाटायची.

आता समोरच्या टॉवरमधल्या मिसेस अरोरांबद्दल सांगायला हवं. त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीच्या बरोबर समोर. त्यांना जे दिसत होतं ते असं: समोरची मराठी सून रोज ऑफिसातून येते, तिला बाहेर काढून आतून कडी लावतात, पडदा ओढतात आणि गजांतून ताट सरकवतात. त्यातच एका संध्याकाळी आँधी आली. धुळीचा लोट उठला, माझे दोन्ही डोळे भरले, मी ओढणी तोंडावर धरून डोळे पुसत उभी राहिले. दार वाजवलं तर आतून सुधीर म्हणाला, वजीर जातोय, दोन मिनिटं थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून भाजी घेऊन येताना मिसेस अरोरा गेटपाशी भेटल्या. माझा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी विचारलं, सब ठीक है ना घर में? माझी झोप झाली नव्हती, पाठ धरली होती. मी म्हटलं, "बस, कुछ दिन की बात है. संडे को फ़ैसला हो जाएगा."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "और अगर फ़ैसला ख़िलाफ़ गया तो?"

"तो फिर दो साल और," मी म्हटलं, आणि भाजी घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

रविवारी शेवटची फेरी. आपला मुलगा आणि एक उंचच उंच युरोपियन गृहस्थ, दोघे सारख्या गुणांवर सगळ्यांच्या पुढे होते. त्या गृहस्थांचा डाव लवकर बरोबरीत सुटला. म्हणजे हिशोब सोपा झाला. आपला मुलगा जिंकला तर जगज्जेत्याशी लढणार, बरोबरी झाली तर त्या गृहस्थांशी पुन्हा खेळून सोक्षमोक्ष, आणि हरला तर घरी. सासूबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दुपारपासून बाहेर होते. सुट्टीच्या दिवशी ऑफिसची आठवण येऊन मन भरून यावं, असं माझ्या नोकरीत प्रथमच झालं. तिथे निदान बसायला खुर्ची आहे.

संध्याकाळ कलायला लागली तेव्हा आत बेल वाजली. पुढचं मला नंतर कळलं. दारात मिसेस अरोरा, आणि त्यांच्याबरोबर सोसायटीतल्या आणखी दोघी, तिघीही कंबर कसून. सुधीरने दार अर्धवट उघडून सांगितलं की प्लीज, अभी नहीं, फ़ैसला होने ही वाला है. त्यावर मिसेस अरोरांनी त्याला हाताने बाजूला केलं, हॉल ओलांडला, पडदा सरकवला, कडी काढली आणि मला कवेत घेऊन आत ओढलं.

एसीची थंड हवा अंगावर आली. सुखाने माझे डोळे मिटले. मिसेस अरोरांना वाटलं, मला चक्कर येतेय. त्या मला पाणी पाजत सांगू लागल्या की घाबरू नकोस, आम्ही सगळ्या आहोत, त्यांच्या नणंदेचा दीर वकील आहे.

तेवढ्यात टीव्हीवरची पट्टी खाली गेली. आपल्या मुलाने हत्ती चुकीच्या घरात नेला होता. सासूबाईंनी मान न वळवता विचारलं, "तिला आत कोणी घेतलं?"

अन्वीने याचं हिंदी करून सांगितलं, त्याने परिस्थिती आणखी बिघडली. तिघीजणी एकदम बोलायला लागल्या. शेवटी सुधीरने हात जोडून सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्पर्धा, पट्टी, कपडे, मनीप्लांट, सगळं. मला वाटलं, सुटले. या शहाण्यासुरत्या बायका आता माझ्या घरच्यांना चार शब्द सुनावतील. मी ते ऐकायला उशीला टेकून नीट बसले.

मिसेस अरोरांनी टीव्हीकडे पाहिलं. मग सुधीरला विचारलं, "इंडिया का बच्चा है?" तो हो म्हणाला. जिंकला तर काय, तेही त्यांनी विचारलं. सासूबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मिसेस अरोरांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घेतला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बेटा, तुम बाहर जाओ."

मला बाहेर सोडताना त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे क्रिकेटच्या फायनलला दीर गॅरेजमध्ये बसतात. मग आतून कडी लागली. या खेपेला वरचीसुद्धा.

मी बाहेर उभी राहून समोरच्या रिकाम्या बाल्कनीकडे बघत होते. आत चिडीचूप. मधेच तिघींपैकी कोणीतरी "हाय रब्बा" म्हणालं. पुन्हा चिडीचूप. आणि मग असा आवाज झाला की मनीप्लांट हलला. आपला मुलगा जिंकला होता. मीही जागच्या जागी उडी मारली, खोटं का बोलू? डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्या दिवशी आँधी नव्हती. मग मी आत जायला काच वाजवली.

कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आत आवाज कमी होत होत थांबलाच. फोन आत होता. थोड्या वेळाने खाली बघते तर आमचं सगळं घर पार्कमध्ये. सासूबाईंच्या गळ्यात कोणाच्यातरी देवघरातला हार, अन्वी पेढे वाटतेय, सुधीर अनोळखी लोकांना मिठ्या मारतोय. सोसायटी जमली होती. मी कठड्यावरून वाकून जिवाच्या आकांताने ओरडले की दरवाज़ा खोलो. खालून सगळ्यांनी वर पाहिलं आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. मिसेस अरोरांनी वरच्या दिशेने हात जोडून "बधाई हो" म्हटलं, आणि मी मागे दिसेन असा एक ग्रुप फोटो निघाला. त्या फोटोत मी फार आनंदात दिसते.

शेवटी सासूबाई एकट्याच वर आल्या. कडी काढली, माझ्या हातावर पेढा ठेवला, मला पंख्याखाली बसवलं. त्या इतक्या खूश होत्या की मला रागावताही येईना. मी एवढंच विचारलं, की आई, तुम्ही गणिताच्या बाई, तुम्हाला खरंच वाटतं का, की मी बाहेर उभी राहिल्याने तो जिंकला?

"छे," त्या म्हणाल्या. "बाल्कनीचा आणि डावाचा काय संबंध? असलं काही नसतं."

मी पेढा खाली ठेवला. "मग मला रोज बाहेर का काढत होतात?"

त्यांनी चष्मा पुसला. मला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं, ते दिसत होतं. "अगं, तू शेजारी बसलीस की फार बोलतेस," त्या म्हणाल्या. "मला विचार करता येत नाही."

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आता सोसायटीत मला मान आहे. लिफ्टमध्ये लोक मला आधी शिरू देतात, भाजीवाला मूठभर कोथिंबीर जास्त टाकतो, आणि मिसेस अरोरा नव्या माणसाशी ओळख करून देताना सांगतात की आपल्या मुलाला फायनलला पोचवलं ते हिने. जगज्जेत्याशी लढत ऐन थंडीत आहे. बडबडी म्हणून हॉलमध्ये बसायचं की भाग्याची म्हणून धुक्यात उभं राहायचं, याचा मी बराच विचार केला, आणि काल सरोजिनी नगरला जाऊन जाड लोकरीचे मोजे घेऊन आले.