आत्याची ओळ

“ती ओळ काढायची म्हणजे काढायची,” गेनबा म्हणाले. “साऱ्या देशापुढं बापाची इज्जत काढायला निघालाय.”

“दादा, रविवारी टीव्हीवर रॅप स्पर्धेचा फिनाले हाय. चॅनलला हेच गाणं पाहिजे. अन् लोकांना तीच ओळ आवडती,” समर्थ वडलांना म्हणाला.

“लोकांचं काय जातंय? भैन त्यांची हाय व्हय?”

समर्थची आई कुसुम मेथी निवडत होती. सकाळपासून हेच चाललं होतं.

खराडीतली त्यांची शेती आयटी पार्कला गेली तेव्हा समर्थ शाळेत होता. गेनबांच्या थोरल्या बहिणीनं, सोजरबाईनं, हक्कसोड पत्रावर मुकाट सही केली. गावात रीतच तशी. बहिणीनं वाटा मागायचा नाही आणि भावानं माहेर तोडायचं नाही. पैसे आले तशी दारात गाडी आली, घरावर मजले चढले, वरच्या खोल्यांत कंप्युटरवाले भाडेकरू आले.

त्यांच्यातल्याच एका दिल्लीच्या पोराच्या स्पीकरवर समर्थनं पहिल्यांदा रॅप ऐकलं. गच्चीवरच्या टाकीला टेकून तो स्वतः जुळवायला लागला, हिंदीत. आयटी पार्कमागच्या टपरीपाशी रविवारी रॅप करणारी पोरं जमत. त्याच्या हिंदीला ती पोट धरून हसली. पुढच्या खेपेला तो चिडून घरच्या बोलीतच सुरू झाला, आणि पोरांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग गणपतीचा मांडव झाला, कॉलेजं झाली. ‘बांध’ या त्याच्या गाण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नागपूरहून पार लुधियान्यापर्यंत गेला. बांध म्हणजे काय हे ठाऊक नसलेली पोरंसुद्धा ते गाणं म्हणू लागली, आणि त्यावरूनच टीव्हीच्या स्पर्धेत बोलावणं आलं. भांडण होतं ते त्यातल्या या ओळीवरून:

सही आत्याची, गाडी दादाची,
साडी घेऊन आत्या पाहुणी बांधाची.

शेवटी गेनबांनी बहिणीलाच तिच्या सासरहून, मांजरी गावाहून बोलावून घेतलं. तिनं नको म्हटलं की पोराची बोलती बंद, असा त्यांचा अंदाज होता.

सोजरबाई आल्या, पाणी प्याल्या. समर्थनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

“खोटं हाय हे,” त्या म्हणाल्या.

“ऐक, ऐक!” गेनबा सरसावून बसले. “सांग त्याला, आक्का.”

“साडी कुठं दिली व्हती? खण-नारळ दिला व्हता. त्यो बी कचेरीच्या पायरीवर.”

गेनबा म्हणाले, “दिवाळीला घेणारच व्हतो की साडी.”

“कुठल्या दिवाळीला, तेवढं सांगा,” कुसुम मेथीवरची नजर न काढता म्हणाली.

“तू गप बस. आक्का, टीव्हीवर तुझं नाव निघणार. लाज न्हाई वाटत?”

“सही घेताना तुला वाटली का? मग मलाच कशाला वाटंल?” सोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “वाटा मागाया आले न्हाई मी, गेनू. पोरगं म्हणतंय तर म्हणू दे. पर झालं तसंच म्हणू दे.”

“माझ्या घरात राहून...” गेनबा उठले, आणि पुन्हा बसले.

समर्थ गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवून बघत होता. दोनदा अडला, तिसऱ्यांदा नीट बसलं.

“ओळ बदलली,” तो म्हणाला. “साडी काढली, खण घातला. रविवारी हेच म्हणणार हाय. आत्या, तू अन् आई पुढच्या रांगेत बसणार.”