न जोडलेली टाकी

शनिवारी सकाळी दहा वाजता इस्माईलभाई येणार होते. साडेआठलाच त्यांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज त्यांच्या खोलीतल्या सोबत्याचा होता. "साब, भाई सुबह नमाज के लिए उठे नहीं," तो म्हणाला, आणि मग, "आज नहीं आएंगे." आमच्या कोठीच्या खोलीत पाण्याची एक टाकी प्लास्टिकच्या वेष्टनात उभी होती. ती जोडायलाच ते येणार होते. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

इस्माईलभाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे. सौदीत ते आले अल खर्जच्या एका डेअरीत, शीतगृहाची यंत्रं सांभाळायला. पुढे काही वर्षं जुबैलला शिफ्ट केल्या आणि शेवटी ताइफला स्थिरावले. ताइफ डोंगरावर आहे; इथे हिवाळ्यात घर गरम करावं लागतं, हे गावाकडच्या माणसांना सांगूनही पटत नाही. आमच्या भाड्याच्या व्हिलात त्यासाठी हीट पंप आहे. बाहेर एसीसारखं दिसणारं यंत्र पाणी तापवतं आणि ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून सहा खोल्यांत फिरतं; प्रत्येक खोलीचं पाणी चालू-बंद करायला वेगळा नॉब आहे. इस्माईलभाई यंत्रावरचे आकडे सर्वांत शेवटी बघत. आधी पाइपवर तळहात ठेवत, मग मागच्या पायरीवर बसून नुसतं ऐकत. यंत्र थांबून पुन्हा सुरू झालं की भिंतीवर खडूची एक उभी रेघ ओढत. तासाभराच्या रेघा मोजून ते दुखणं सांगत. "मशीन एकदम मरत नाही, साहेब. आधी सारखं चालू-बंद, चालू-बंद होतं. ते सांगत असतं. ऐकणारा पाहिजे."

यंत्र बसवलं तेव्हाच टाकीचा प्रश्न निघाला होता. घरमालकाला कोठीची खोली अडवायची नव्हती. इस्माईलभाईंनी मला बाजूला घेऊन मराठीत सांगितलं, "सगळ्या खोल्यांचे नॉब उघडे ठेवणार असाल तर टाकी नको. फरशीखाली एवढं पाणी आहे की हे घरच टाकी आहे. पण खोल्या बंद करत गेलात तर फिरायला पाणी उरणार नाही. मशीन दोन मिनिटांत ते तापवील, थांबेल, परत सुरू होईल. असं करत एक दिवस कॉम्प्रेसर जाईल. मग टाकी पाहिजे. तिसरं उत्तर नाही." नॉब उघडे राहतील, असा शब्द मी दिला. दोन हिवाळे तो पाळलाही.

या हिवाळ्यात कऱ्हाडहून आई आली. तिला दमा आहे, त्यामुळे तिची खोली उबदार राहणं गरजेचं होतं. पण खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला रिकाम्या खोल्यांतली ऊब बघवेना. एकेक करून तिने पाच खोल्यांचे नॉब बंद केले. चौथ्या दिवशी यंत्र धापा टाकू लागलं. मी फोन केला. इस्माईलभाईंना फाटकातच ऐकू आलं. "आई आल्यात वाटतं," ते म्हणाले. तासाभरात भिंतीवर अकरा रेघा झाल्या.

"आई, हे दिवे नव्हेत वो."

"अहो भाऊ, माणूस नाही तिथं ऊब घालवायची म्हणजे पाप आहे."

"पाप माझ्या नावावर टाका. पण नॉबला हात लावू नका."

आई हसली. आठवड्याभरात नॉब पुन्हा बंद झाले. तिला ते बंद करताना मी पाहिलं होतं. चार महिन्यांसाठी आलेल्या आईशी वाद कशाला, म्हणून बोललो नाही. इस्माईलभाई दुसऱ्यांदा आले, तेव्हा रागावलेही नाहीत. "माणसाची सवय बदलत नाही. टाकीच बसवू," म्हणाले आणि घरमालकाला त्यांनीच राजी केलं.

गुरुवारी दुपारी ते टाकी घेऊन आले. आल्याआल्या सहाही नॉब उघडले. फरशी गार पडलेली होती, यंत्र सुरू झालं ते चालूच राहिलं. पिकअपमधून टाकी आम्ही दोघांनी उतरवली. कोठीत ती उभी केल्यावर ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. "जरा ऐकतो," म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेलो. खिडकीतून त्यांच्या एका हातात खडू दिसत होता, दुसरा तळहात छातीवर होता. अर्ध्या तासाने माझी पत्नी नीलिमा हॉस्पिटलमधून आली. ती भूलतज्ज्ञ आहे. त्यांच्या कपाळावरचा घाम आणि डावा हात चोळणं पाहून तिने चपलाही काढल्या नाहीत.

"इस्माईलभाई, गाडीत बसा. ईसीजी काढू."

"गॅस आहे, मॅडम. सकाळी पराठा जास्त झाला."

"डाव्या हाताला गॅस होत नाही."

इस्माईलभाईंनी खडू खिशात टाकला. "अठरा दिवसांनी मुलीचा निकाह आहे. तुम्ही आज तपासलंत, तर विमानात बसू देणार नाहीत. शनिवारी टाकी जोडतो, मग न्या कुठे न्यायचं ते." नीलिमाने अॅस्पिरिनची गोळी दिली. ती त्यांनी तिच्यासमोर घेतली आणि स्वतः गाडी चालवत गेले.

दफन ताइफलाच झालं. निकाह ठरल्या दिवशी झाला, मांडवाशिवाय. टाकी उचलल्याने असं झालं का, हे मी नीलिमाला एकदाच विचारलं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. काही वेळाने म्हणाली, "त्यांना जाऊ दिलं, ते मात्र सांगता येतं." नवा तंत्रज्ञ येऊन गेला. नॉब उघडे असतील तर टाकीची गरज नाही, असंच त्यानेही सांगितलं. ती तशीच उभी आहे. आई आता रोज संध्याकाळी सहाही खोल्यांतून फिरते, नॉब उघडे असल्याची हाताने खात्री करून घेते.

गेल्या आठवड्यात घरमालकाने भिंत रंगवायला माणूस पाठवला. त्याच्याआधी मी रेघा नीट पाहिल्या. पहिल्या खेपेच्या अकरा, दुसऱ्या खेपेच्या नऊ आणि सर्वांत खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, गुरुवारच्या पाच. शेवटची रेघ वाकडी आहे. गुरुवारी मी चहा करत होतो, यंत्राचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. त्या अर्ध्या तासात ते एकदाही थांबलं नव्हतं.