बाईचे काळे तीर

फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. रेखाचा फोन होता, माझ्या भाचीचा. वर्गात असताना ती कधी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. "मामा, आई गेली," ती म्हणाली. मी विचारलं, "कोठी?" कुठे गेली, म्हणून. मला वाटलं, जवळच्या गोरेगावच्या बाजाराला गेली असेल, एसटी चुकली असेल, मोबाईल घरीच विसरली असेल. "येईल ना, बापा, कायले घाबरतेस," असंही मी म्हणून गेलो. मग रेखा रडायला लागली आणि मला कळलं की मी काय विचारत होतो. सकाळी अंगण झाडता झाडता बाई खराटा धरूनच खाली बसली होती आणि परत उठली नव्हती. सव्वा महिना झाला या गोष्टीला. पण आजही कुणी बाईचा विषय काढला, की माझ्या तोंडात पहिल्यांदा तेच येतं... कोठी?

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तिचं नाव सुमन, पण त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचं गाव. आई धान लावायला, मोहफुलं वेचायला जायची, तेव्हा मी बाईच्या कडेवर असायचो. वडील तीर बनवायचे. आम्ही त्यांना लाकडी तीर म्हणतो, असतात मात्र बांबूचे. निखाऱ्यावर शेकून, गुडघ्याशी धरून वाकवत सरळ करायचे, मागे लाखेने पिसं चिकटवायची, पुढे लोहाराने दिलेलं टोक बसवायचं. माझ्या जन्माआधी बरीच वर्षं घरात बाई एकटीच होती, म्हणून असेल, वडिलांनी धनुष्य तिच्या हातात दिलं. माझी पाळी येईपर्यंत मी शाळेत रमलो आणि ते राहूनच गेलं. बाईने मात्र सोडलं नाही. लग्न गावातच झालं, रेखा झाली, नवरा लवकर वारला, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तिने भांडीच्या भांडी भात शिजवला, पण दिवस कलायला लागला की घरामागच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या काडाच्या, ढिगासमोर ती उभी राहायचीच. शिकारीसाठी तिने कधी तीर मारला नाही. तणसीवर एक पळसाचं पान खोचायचं आणि ते फाटेपर्यंत मारायचं, एवढंच.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक. आमच्या गावच्या मंडईत दुपारी तीर मारण्याची चढाओढ असते. उंच बांबूच्या टोकाला नारळ बांधतात, ज्याचा तीर लागेल त्याने तो देवापुढे फोडायचा. बाईने तो नारळ कितीदा पाडला ते मला सांगता येणार नाही. तिचा प्रत्येक तीर वेगळ्या स्वभावाचा असायचा आणि ती त्यांच्याशी बोलायची. एक तीर थोडा उजवीकडे झुकायचा, त्याला ती 'लाडका' म्हणायची. एक पावसाळ्यात वाकडा व्हायचा, तो 'रुसका'. लहानपणी मला वाटायचं, ही माणसंच आहेत.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी मंडईला गावी गेलो आणि बाईच्या हातात काळे, चकचकीत, शिसपेन्सिलीसारखे गुळगुळीत तीर पाहिले, तेव्हा मी जवळ जाऊन बघायला लागलो. मागे पिसांच्या जागी पोपटी रंगाचं प्लॅस्टिक. "हे काय होय बाई?"

"कार्बनचे तीर. रेखीनं मोबाईलवर मांगवले."

मी एक हातात घेतला. वजनच नव्हतं. "आपले कोठी गेले? लाडका कोठी हाय?"

"हाय ना आढ्याले," ती म्हणाली आणि माझ्या हातातून तीर काढून घेतला. तो दोन्ही हातांनी हलकाच वाकवून कानाशी नेला, कुठे करकर वाजतो का ते ऐकलं. "तडकला असला अन् मारला का हातात घुसते," एवढंच समजावलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

रेखाकडून कळलं की सुरुवातीला ते तीर तिच्याकडून नीट जातच नव्हते. वडिलांच्या जुन्या धनुष्याला ते फार ताठ पडायचे, सगळेच्या सगळे डावीकडे पळायचे. सोडल्यावर धनुष्य असं झणझणायचं की हात कोपरापर्यंत बधिर व्हायचा. आख्खा उन्हाळा ती त्यांच्याशी झगडली. पुढची टोकं काढून जड टोकं बसवली, धनुष्याची मूठ तासून बारीक केली, उभं राहायची पद्धत बदलली. जन्मभर जे हातात होतं, ते सोडून या वयात पहिलीपासून गिरवायचं... काऊन? रेखा नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवते, लहान असताना गोंदियाच्या मैदानावर तिरंदाजी शिकलीही होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मामा, आईले आता नीट दिसत नाही. पोपटी रंग गवतात सापडते. म्हणून मीच म्हटलं, घे." हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं.

त्या मंडईत चढाओढीच्या वेळी बाई काळे तीर घेऊनच पुढे आली. चैतरामकका आडवे आले. कका म्हणजे वडिलांचे जोडीदार, गावातले सगळ्यात जाणते, देवाचं तेच करतात. "सुमन, हा तीर नाही चालत. आपल्या देवाले लाकूडच पाह्यजे."

"कका, तुमच्या धनुष्याची दोरी नायलॉनची हाय," बाई म्हणाली. माणसं हसली. ककाही हसले, पण बाजूला झाले नाहीत.

मला वाटलं, आता वाजणार. बाई बोलायला कुणाला भिणारी नव्हती. पण तिने काळे तीर खाली ठेवले, शेजारच्या माणसाकडून एक लाकडी तीर मागून घेतला, ओढला, सोडला... आणि तो नारळापासून हातभर लांबून निघून गेला. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच चुकली. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. घरी जाताना शेताच्या धुऱ्यावरून मी तिच्या मागे चालत होतो. राहवलं नाही, विचारलं, "बाई, मुद्दाम चुकवला का?"

"चुकला," ती म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. मागे न बघता म्हणाली, "लाकडाचा तीर चुकला का त्याले बोल लावता येते, हरी. वाकडा होता, वला होता, पीस झडलं होतं. हे कारे तीर सारे एकासारखे एक. चुकला तं आपूनच चुकलो. मले पाहाचं होतं, एवढे दिवस कोन मारून राह्यलं होतं... मी, का तीर." मी विचारलं, "मग? कोन होतं?" ती चालायला लागली. "पाहून राह्यली ना आता," म्हणाली.

पुढल्या मंडईला ती चढाओढीत उतरलीच नाही. माणसांत बसून बघत होती. आणि गेल्या दिवाळीला, म्हणजे आमच्या शेवटच्या भेटीत, मी गेलो तर अंगणात शेगडी पेटवून ती बांबूची काडी शेकत बसलेली! गुडघ्याशी धरून, एक डोळा मिटून, अगदी वडिलांसारखी. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, "परत लाकडावर आलीस का बाई?"

"मी कायले येऊ? हे ककाचे होत."

मग कळलं की मंडईत जे लाकडी तीर मारतात, त्यातले बरेचसे तिच्याच हातचे. ज्यांनी तिला अडवलं त्या ककांचेही. दुपारभर ती त्यांच्यासाठी लाकडी तीर सरळ करायची आणि दिवस कलला की उठून स्वतः काळे मारायची. "बाई, याचा अर्थ काय धरू मी?" असं विचारलं तर हसली. "मास्तर झालास तं साऱ्याचा अर्थच पाह्यजे तुले. जेवून घे."

ती गेली त्या दिवशी सगळ्याच गोष्टी एकमेकींत गुंतल्या. आमच्याकडे पुरतात, आणि माणसाच्या सोबत त्याची वापरातली वस्तू ठेवतात. बाईसोबत तीर ठेवायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोणता, यावर सगळं अडलं. मी आढ्याचा लाडका काढून आणला. रेखाने माझ्यासमोर काळा तीर धरला. "मामा, आई हा मारत होती."

"अगं, तो मातीत मिसळणार नाही," मी म्हणालो. "आपण सारे मातीत जातो, ते प्लॅस्टिक तसंच राहील तिच्या अंगाशी."

"म्हणून का जो तिनं सोडला तो द्याचा?"

आम्ही दोघं बाईच्या उशाशी दोन तीर घेऊन उभे होतो आणि बायका रडायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. चैतरामकका पुढे आले. मला वाटलं, ते माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी दोन्ही तीर हातात घेऊन पाहिले. काळा तसाच वाकवून कानाशी नेला, जसा बाई न्यायची. हे त्यांनी कधी पाहिलं होतं, कोण जाणे. मग म्हणाले, "हा ठेवा."

"पण कका, तुम्हीच तं नाही म्हटलं होतं..."

"ते मंडईत," कका म्हणाले. "मंडई गावाची होती. हा खड्डा तिचा हाय."

"अन् मातीत मिसळला नाही तं?"

"नाही मिसळला तं नाही मिसळला. तिले कोठी घाई हाय?"

काळा तीर तिच्या उजव्या हाताशी ठेवला. मी माती टाकली. ती पोपटी शेपटी बराच वेळ दिसत राहिली, मातीखाली जाता जाईना.

संध्याकाळी सगळे अंगणात बसलो. मी ककांना विचारलं, तुम्हाला तिने काही सांगितलं होतं का, तीर का बदलले ते. "सांगितलं ना. खांदा दुखते म्हने, हलका तीर बरा पडते." रेखा म्हणाली, "खांदा? मले तं कधी बोलली नाही. डोळ्याचंच होतं." मी त्यांना धुऱ्यावरचं बोलणं सांगितलं, तेव्हा दोघंही माझ्याकडे अविश्वासाने बघायला लागले. तिघांशी तीन गोष्टी बोलली होती बाई. तिन्ही खऱ्या असतील. किंवा ज्याला जे पटेल ते तिने त्याच्या पदरात टाकलं असेल आणि खरं कारण घेऊन गेली असेल. का कारण असं काही नव्हतंच, काळे तीर नुसते आवडले होते तिला, एखाद्या पोरीला नवं लुगडं आवडावं तसे? मी अजून त्यातच फिरतो आहे.

परवा पुन्हा गावी गेलो. घरात शिरलो तर रेखाचा स्वयंपाक गॅसवर झालेला होता, तरी मागल्या पडवीत चूल धुमसत होती. मला वाटलं पाणी तापत असेल, पण वर भांडं नव्हतं. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, वाकाच्या दोरीने घट्ट बांधलेली बांबूच्या काड्यांची एक जुडी टांगलेली होती. अजून हिरवट. रेखा म्हणाली, "जायच्या आठवड्यातच आईनं तोडून आनल्या होत्या. वर्षभर धूर लागला पाह्यजे, मग तीर होतेत."

"कोनासाठी आनल्या?"

"बोलली नाही."

"ककासाठी? का आपल्यासाठी?"

"मले का माहीत, मामा. सुकू द्या."

ती भांडी घासायला गेली. मी चुलीपुढे बसलो. धूर डोळ्यात जात होता. जाळ खाली बसायला लागला, तसं मी एक लाकूड आत सारलं आणि फुंकणी घेतली.