चिठ्ठीखालची ओली खळ

संग्रहालय कालच उघडलं होतं, त्यामुळे काचेच्या पेटीवरच्या चिठ्ठीची खळ अजून ओली होती. पेटीत आमच्या नेत्याचा रक्ताळलेला सदरा, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘एका माथेफिरूने गोळ्या घातल्या.’ मैद्याच्या खळीचा तो वास नाकात गेला आणि मी सहा वर्षं मागे, गौलीगुड्यातल्या आमच्या जुन्या गल्लीत पोचलो.

खुनाची बातमी आली त्या संध्याकाळी मारेकरी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पक्षाच्या प्रचारातला पोरगा, थांबतोय कशाला. ‘मुसलमानांनी मारलं’ अशी पत्रकं लिहिली आणि गल्लीभर चिकटवली, समोरच्या रहीमचाचांच्या दुकानाच्या दारावरसुद्धा. सकाळी कळलं, मारणारा आमच्यातलाच, घरी मराठी बोलणारा.

मी नखांनी पत्रक खरवडत होतो. निघेना. चाचा बादली घेऊन आले. “सूखा नक्को घिसो बेटा, पहले भिगाओ. कल चिपकाने की जल्दी थी, आज निकालने की?”

मला रागच आला. पत्रक वाचलेली गिऱ्हाइकं पुन्हा त्यांची पायरी चढली नाहीत. महिन्याभरात चाचा दुकान बंद करून गेले. कुठे, ते मी विचारलंही नाही.

आज संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना विचारलं, मारेकरी कोण होता ते का लिहीत नाही?

“जाऊ द्या हो, आपल्याच लोकांची बदनामी.”

दुसऱ्यांची करायला मला तासभरही लागला नव्हता. मी रुमाल ओला केला आणि चिठ्ठीवर दाबून धरला.