पदवीमागची पाल

हॉलच्या भिंतीवर नवऱ्याची परदेशातली पदवी सोनेरी चौकटीत टांगली आहे. आज चहाच्या वेळी तिच्यामागून पालीनं डोकं बाहेर काढलं.

"अगं, हाकल तिला!" नवरा खुर्चीवरून उडालाच.

मनासारखी नोकरी मिळेना म्हणून तो घरी बसलाय आणि त्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "लेकानं नाव काढलं." नाव एकाचं आणि घाम दुसऱ्याचा असला, तर वस्तू नक्की कुणाची? पाल निदान स्वतःचं पोट स्वतः भरते.

"कर्ज फिटेपर्यंत पदवी माझी," मी म्हटलं. "तिच्यामागे कोण राहील, ते मी ठरवणार."

तेवढ्यात पाल चुकचुकली. पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं, असं मानणाऱ्या सासूबाईंनी सवयीनं टेबलावर बोट आपटलं, "खरंय, खरंय."