सायलोतली गुठळी

"लखमाभाऊ, आधी खाली या. मग बोलू."

मी खालून ओरडत होते. लखमाभाऊ सायलोच्या टोकावर उभे होते, कमरेला दोर, हातात लोखंडी सळई. तलासरीजवळच्या त्या कारखान्यात चुनखडी दळून पावडर करतात. सायलो म्हणजे ती साठवायची पत्र्याची उंच टाकी, खाली निमुळती होत गेलेली. पावडर अंगाला लावायच्या पावडरीइतकी बारीक. दमट हवा लागली की कण एकमेकांना चिकटतात, आत कमान धरते आणि माल पडायचा थांबतो. मग एक माणूस आत उतरतो आणि सळईने ती कमान फोडतो. ती अचानक ढासळली तर माणूस खाली गाडला जातो, दोर असला तरी.

हे टळावं म्हणूनच महिन्यापूर्वी मी तिथे सॉनिक हॉर्न बसवला होता. हवेच्या दाबावर वाजणारा भोंगा. त्याच्या जाड, घुमणाऱ्या आवाजाने पावडर थरथरत राहते, कणांना चिकटून बसायला सवड मिळत नाही. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद, टायमर मी स्वतः लावला होता. तरी सायलो तुंबल्याचा फोन आला. डहाणू रोडहून निघाल्यापासून मी मनात स्वतःलाच शिव्या घालत होते.

"मॅडम, गाडी भरायला उभी आहे," कारखान्याचे शेठ म्हणाले. "पाच मिनिटचा काम. लखमा नेहमीच जातो."

"मग आज तुम्ही जा."

राग आला की माझी जीभ आवरत नाही. शेठनी हात वर करून लखमाभाऊंना खाली यायची खूण केली. लखमाभाऊ उतरले.

सायलोच्या बाजूला एक झाकण असतं. ते उघडून बाहेरूनच लांब पाइपने हवेचे झोत मारायला लावले. दोन तास काही हललं नाही. शेठ घड्याळ बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मग आत धप्प आवाज झाला आणि पायाखालची जमीन हादरली. सगळा ढिगारा एकदम खाली आला होता. लखमाभाऊंनी कमरेचा दोर सोडला, थोडा वेळ हातात धरला आणि तिथेच खाली बसले. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. धुळीचं निमित्त सांगून पुसून घेतले.

नंतर भोंग्याचं पॅनल उघडलं. टायमर बंद, स्विच मॅन्युअलवर, म्हणजे बटण दाबलं तरच भोंगा वाजणार.

"हे कोणी केलं?"

"मीच," लखमाभाऊ म्हणाले. "माल नीट पडत होता, मॅडम. चालत्या बैलाला पराणी कशाला टोचायची? अडला तेव्हा वाजवला. लय वाजवला."

घोळ तिथेच होता. भोंगा गुठळी होऊ देत नाही, पण एकदा घट्ट बसलेली गुठळी फोडणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ते समजावायला मी फ्रीक्वेन्सीपासून सुरुवात केली. लखमाभाऊ मान डोलावत होते, म्हणजे काही कळत नव्हतं.

"घरी नागलीची पेज कोण करतं?" मी विचारलं.

"मीच. बायको लवकर शेतावर जाते."

"ढवळता कधी?"

"पीठ सोडल्यापासून."

"आणि गुठळ्या झाल्यावर ढवळलं तर?"

"मग काय उपयोग? मग ती..." ते थांबले. टाकीकडे बघितलं. उठले आणि स्विच स्वतःच ऑटोवर टाकला.

त्यानंतर तिथे कोणी आत उतरलेलं नाही. दोर लखमाभाऊ घरी घेऊन गेले, बैल बांधायला.

हॉर्नसोबत मी अठरा पानांचं मॅन्युअल दिलं होतं. इंग्रजीत, शेठच्या हातात. ते त्यांच्या खणात होतं. लखमाभाऊंशी मात्र मी एक शब्द बोलले नव्हते. आता कुठेही यंत्र बसवायचं असलं की आधी विचारते, याचं बटण कोण दाबणार? त्या माणसाशी बोलून होतं. मग मॅन्युअल देते.