जिला खुरपं मिळणार होतं

लग्न होऊन मी राजुरीला आले, तेव्हा या घरात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही हे समजायलाच मला बरेच दिवस लागले. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मामंजींचं नाव घेत नसत. त्यात नवल नव्हतं. पण मामंजींच्या नावात एक वार होता, म्हणून त्या वाराचाही उच्चार त्या करत नसत. "रविवार सरला की जो येतो ना, त्या दिशी आपल्या पान्याची पाळी हाये," असं सांगायच्या आणि मी मनातल्या मनात चरफडायची. एवढं लांबण लावण्यापेक्षा वार सांगून मोकळं व्हावं की!

पण माणूस कशालाही सरावतो. आमचे हे तेव्हा मंचरच्या मार्केटात एका आडत्याकडे कामाला होते. गावातल्या दुकानातून तिकडे फोन लावला की मीच म्हणायची, "ज्यांची लाल मोटारसायकल आहे ना, त्यांना जरा बोलवा." पलीकडचा हमाल हसायचा. मला त्याचा राग यायचा, पण नाव काही तोंडातून निघायचं नाही.

मला शिक्षिका व्हायचं होतं. लग्न ठरतानाच तशी अट घातली होती, आणि बीएड एका वर्षात करून दाखवते असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. लेखी पेपर सुटले, पण वार्षिक पाठात मी आपटले. वार्षिक पाठ म्हणजे खऱ्याखुऱ्या वर्गावर शिकवायचं आणि बाहेरून आलेले परीक्षक मागच्या बाकावर बसून बघणार. माझा वर्ग मख्खासारखा बसून राहिला आणि मी चिडून पोरांवर ओरडले. इंग्रजीच्या पाठात मराठीतून ओरडले, हे आणखी वाईट.

निकाल ऐकून आत्याबाईंनी फार त्रागा केला नाही. "आजून येक डाव बस. झालं तर झालं, न्हाईतर खुरपं हाये आन् टमाट्याच्या सऱ्या हायेत," एवढंच म्हणाल्या. त्या बोललेलं फिरवत नसत. माझ्या नावाचं नवं खुरपं त्यांनी खरंच आणून पडवीतल्या खुंटीला अडकवलं होतं. पुढचं वर्षभर येता-जाता मला ते दिसायचं.

दुसऱ्या खेपेला पाठ मंचरच्या एका शाळेत होता, नववीचा वर्ग. विषय वाट्याला आला तो असा: टू हूम, विथ हूम, फ्रॉम हूम, म्हणजे ज्याला, ज्याच्याबरोबर, ज्याच्याकडून. घरात बोलताना इंग्रज माणूससुद्धा हे क्वचितच वापरत असेल. मी पाठाचं टाचण काढलं, तक्ते रंगवले. तक्त्यावर एक राजा, एक प्रधान आणि एक घोडा. ज्याला राजाने घोडा दिला तो प्रधान, हे इंग्रजीत. घोडा चांगला जमला होता.

वर्गात शिरले तर मागच्या बाकावर पुण्याच्या परीक्षक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात माझं टाचण. बाहेर हायवेवर कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत चाललेले. मी राजा दाखवला, प्रधान दाखवला, विचारलं. कोणी हूं की चूं करेना. पुन्हा विचारलं. मागच्या वर्षीसारखाच संताप डोक्यात चढायला लागला आणि डोळ्यांसमोर ते खुंटीवरचं खुरपं आलं. ते दिसताच आत्याबाई आठवल्या, आणि त्यांचं ते 'रविवार सरला की जो येतो ना'.

मी तक्ता गुंडाळून ठेवला. पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुझी आई वडिलांचं नाव घेते का गं?"

"न्हाई मॅडम."

"मग त्यांच्याबद्दल कोणाला सांगायचं असेल तर?"

ती लाजली आणि म्हणाली, "सकाळी आईचं भांडान झालं व्हतं. शेजारनीला म्हनली, ज्यांच्याबरूबर भांडले ते आजून घरला आले न्हाईत."

सगळा वर्ग खदखदून हसला. मी तेच वाक्य फळ्यावर घेतलं. 'बरोबर' हे मराठीत 'ज्यांच्या'च्या शेपटाला लागतं, इंग्रजीत ते 'हूम'च्या आधी येऊन बसतं, आणि वाक्याच्या शेवटी पुन्हा येत नाही, एवढं सांगितलं. द मॅन विथ हूम माय मदर क्वारल्ड. मग काय, प्रत्येकाच्या घरी नाव न घेण्याजोगं कोणीतरी होतंच. जिच्याकडून आम्ही साखर मागून आणतो ती काकू कधी परत मागत नाही, हे फ्रॉम हूम लावून एकाने बिनचूक सांगितलं. ज्यांच्यासाठी आई चहा करते ते तो पीतच नाहीत, असं दुसरीने. फॉर हूम तर माझ्या पाठात नव्हतंसुद्धा! घंटा झाली तरी हात वर होते.

पोरं गेली आणि मी भानावर आले. टाचण सोडून शिकवणं हा गुन्हाच. परीक्षक बाईंनी पानं उलटली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "राजा कुठे गेला?"

"बाई, आज त्याचं काम पडलं नाही."

त्या हसल्या. "माझी आईही असंच बोलायची," म्हणाल्या. "निकाल यायचा तेव्हा येईल. पण जीव मुठीत धरून बसू नका." मी बाहेर येऊन शाळेच्या नळावर तोंड धुतलं आणि धुता धुता रडले. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं, दुसरं काही नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी निकाल लागला. मी पास झाले होते. मंचरहून एसटीने आळेफाट्याला, तिथून गावी, आणि तशीच पेढे घेऊन मळ्यात गेले. आत्याबाई चार बायकांबरोबर टोमॅटो खुरपत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. कमरेवर हात ठेवून उठल्या. बायकांमधली एक पाहुणी मला ओळखत नव्हती, तिने विचारलं, "ही कोन?"

"जिला म्या खुरपं देनार व्हते ना, ती ही," आत्याबाई म्हणाल्या. "आता मास्तरीन झाली." आणि पदराने डोळे पुसत पुन्हा खाली बसल्या.

मी घरी जाऊन खुंटीवरचं ते खुरपं काढून आणलं आणि त्यांच्या शेजारच्या सरीत बसले. त्या नको नको म्हणत होत्या. दिवस मावळेपर्यंत मी खुरपलं, आणि इतकं मोकळं मला त्या घरात त्याआधी कधी वाटलं नव्हतं.